वजन घटल्यानंतरचा देहप्रतिमेचा विपर्यास

वजन मोठ्या प्रमाणात घटल्यानंतरही आपले शरीर पूर्वीइतकेच किंवा जवळजवळ तेवढेच स्थूल आहे असे व्यक्तीला वाटत राहणे, यास वजन घटल्यानंतरचा देहप्रतिमेचा विपर्यास असे म्हणता येते. आहारनियंत्रण, व्यायाम, औषधे किंवा शस्त्रक्रिया यांपैकी कोणत्याही मार्गाने वजन उतरलेल्या स्त्री-पुरुषांत हा अनुभव आढळतो. वजनकाटा, कपड्यांचे माप आणि इतरांची साक्ष या तिन्ही गोष्टी शरीर बदलल्याचे सांगत असतात. मात्र व्यक्तीच्या मनातील स्वतःच्या देहाचे चित्र जुनेच राहते. हा स्वतंत्र मानसिक आजार मानला जात नाही आणि बहुतेकांमध्ये तो काळानुसार ओसरतो. तथापि तो तीव्र असल्यास, वजन आणखी कमी केल्याने हे वाटणे नाहीसे होईल असा समज बळावतो व त्यातून खाण्याचे विकार, नैराश्य किंवा वजनाची पुन्हा वाढ असे परिणाम संभवतात.

संज्ञा

आपल्या शरीराचा आकार, रूप व क्षमता यांविषयी व्यक्तीच्या मनात असलेले चित्र आणि त्या चित्राविषयीच्या तिच्या भावना यांना मिळून ‘देहप्रतिमा’ म्हणतात. देहप्रतिमेची दोन अंगे सामान्यतः मानली जातात. पहिले अंग संवेदनात्मक असून त्यात आपण किती रुंद, किती उंच, किती जागा व्यापतो याचा अंदाज येतो. दुसरे अंग भावनात्मक व वैचारिक असून त्यात आपल्या शरीराविषयीचे समाधान, लाज, अभिमान इत्यादींचा समावेश होतो. वजन घटल्यानंतरच्या विपर्यासात या दोहोंपैकी एक किंवा दोन्ही अंगे वास्तवाशी जुळत नाहीत. काहींना आपण खरोखरच रुंद दिसतो असे वाटते. काहींना आपण बारीक झालो हे दिसते व पटते, परंतु मनाने ते स्वतःला स्थूलच समजत राहतात.

इंग्रजी बोलण्यात या अनुभवास ‘फँटम फॅट’, म्हणजे नसलेली तरी जाणवणारी चरबी, असे म्हणतात. हा शब्दप्रयोग ‘फँटम लिंब’ या वैद्यकीय संज्ञेवरून आलेला आहे. हात किंवा पाय कापून टाकल्यानंतरही तो जागेवर असल्याची जाणीव रुग्णास होत राहते, तिला अमेरिकन चेताशास्त्रज्ञ सायलस वेअर मिचेल यांनी इ.स. १८७१ मध्ये ‘फँटम लिंब’ हे नाव दिले. दोन्ही अनुभवांत शरीराचा एक भाग प्रत्यक्षात उरलेला नसतो, पण मनातील आराखड्यात त्याची नोंद कायम असते. हे साम्य वर्णनापुरते आहे. दोहोंची कारणे एकच आहेत असा त्याचा अर्थ नाही. मानसशास्त्रीय लेखनात ‘अवशिष्ट देहप्रतिमा’ या अर्थाची संज्ञाही वापरली जाते.

संकल्पनेचा इतिहास

मेंदूत शरीराचा एक आराखडा असतो व तो सतत अद्ययावत होत असतो, ही कल्पना ब्रिटिश चेताशास्त्रज्ञ हेन्री हेड व गॉर्डन होम्स यांनी इ.स. १९११ मध्ये मांडली. त्यांच्या मते हा आराखडा त्वचेपाशी संपत नाही. टोपीत पीस खोवणाऱ्या स्त्रीला त्या पिसाच्या टोकापर्यंतच्या जागेचे भान असते. ऑस्ट्रियन मनोविकारतज्ज्ञ पॉल शिल्डर यांनी इ.स. १९३५ च्या आपल्या ग्रंथात देहप्रतिमा ही केवळ संवेदनांतून नव्हे, तर भावना आणि इतरांशी असलेले संबंध यांतूनही घडते असे प्रतिपादन केले.

स्थूलतेच्या संदर्भात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. मनोविकारतज्ज्ञ हिल्डे ब्रूख यांनी इ.स. १९६२ मध्ये ॲनोरेक्सिया नर्व्होसा या विकारात देहप्रतिमेचा बिघाड हे मध्यवर्ती लक्षण असल्याचे दाखवून दिले. इ.स. १९७३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी वजन उतरवूनही मनाने स्थूल राहिलेल्या व्यक्तींची चर्चा केली. अशा व्यक्तींचे देह सडपातळ झालेले असले तरी स्थूलतेच्या काळातील त्यांचे प्रश्न सुटलेले नसतात, हे त्यांचे निरीक्षण या विषयाचे मूळ मानले जाते.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकर्ड व मायर मेंडेलसन यांनी इ.स. १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, स्वतःच्या शरीराविषयीची तीव्र घृणा सर्वच स्थूल व्यक्तींत नसते. बालपणापासून किंवा किशोरवयापासून स्थूल असलेल्यांत ती अधिक दिसते. इ.स. १९६९ मध्ये मायरन ग्लक्समन व ज्यूल्स हर्श यांनी वजन उतरवणाऱ्या मोजक्या रुग्णांना त्यांचेच छायाचित्र रुंद वा अरुंद करता येईल अशा रीतीने दाखवले आणि ते आपल्या खऱ्या आकाराशी जुळवून घेण्यास सांगितले. वजन उतरत गेले तरी हे रुग्ण स्वतःस प्रत्यक्षापेक्षा रुंद ठरवत राहिले.

इ.स. १९९० मध्ये थॉमस कॅश व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन गटांतील स्त्रियांची तुलना केली. पहिल्या गटातील स्त्रिया त्या वेळी स्थूल होत्या, दुसऱ्या गटातील पूर्वी स्थूल असून आता सामान्य वजनाच्या होत्या, तर तिसऱ्या गटातील कधीच स्थूल नव्हत्या. दुसऱ्या व तिसऱ्या गटांचे वजन सारखे असूनही देहप्रतिमेच्या काही बाबतींत, विशेषतः स्थूलतेच्या भीतीबाबत, दुसरा गट पहिल्या गटाच्या जवळ असल्याचे दिसून आले. शरीराने स्थूलता सोडली तरी मनावर तिचे अवशेष राहतात, या विधानास या अभ्यासाने आधार दिला.

स्वरूप व लक्षणे

या अनुभवाची तीव्रता व्यक्तीनुसार बदलते. सर्वसाधारणपणे पुढील लक्षणे आढळतात.

* जागेचा चुकीचा अंदाज: दोन खुर्च्यांमधून जाताना अंग चोरून आडवे होणे, बसमधील दोन आसनांची वाट आपल्याला पुरणार नाही असे वाटणे, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसताना ती मोडेल या भीतीने अवघडून टेकणे.
* कपड्यांची जुनी निवड: दुकानात सवयीने मोठ्या मापाच्या कपड्यांकडे वळणे, अंगात बसलेले लहान माप ‘चुकून मोठे शिवले असेल’ असे समजणे, सैल कपड्यांतच सुरक्षित वाटणे.
* आरसा व छायाचित्र यांविषयी टोकाचे वर्तन: आरसा, काचेची तावदाने व समूहछायाचित्रे टाळणे, अथवा याउलट दिवसातून अनेकदा आरशात पाहणे, पोटाची घडी चिमटीत धरून पाहणे, मनगट वा दंडाभोवती बोटे आवळून माप घेणे.
* ओळख न पटणे: समोरच्या काचेत दिसलेली सडपातळ व्यक्ती आपणच आहोत हे क्षणभर न उमगणे, नव्या छायाचित्रातील स्वतःचा चेहरा परका वाटणे.
* स्तुतीवर अविश्वास: ‘बारीक झालात’ असे कोणी म्हटल्यास ते केवळ मन राखण्यासाठी बोलले असे वाटणे.
* वजन परत येण्याची सततची धास्ती: एखाद्या जेवणानंतर लगेच शरीर फुगल्याची जाणीव होणे, वजनकाट्यावर वारंवार उभे राहणे.

यांतील अनेक गोष्टी वजन उतरल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांना जाणवतात. त्या दीर्घकाळ टिकल्या व दैनंदिन व्यवहारात अडथळा ठरू लागल्या, तरच त्यांना समस्येचे स्वरूप येते.

कारणे

या विपर्यासाचे एकच कारण सांगता येत नाही. पुढील घटक एकमेकांत मिसळून कार्य करतात असे मानले जाते.

आराखड्याचे मंद नूतनीकरण. देहप्रतिमा ही डोळ्यांनी दिसणारे रूप, स्नायू व सांध्यांकडून येणाऱ्या संवेदना, स्पर्श आणि स्मृती यांच्या संयोगातून घडते. या कार्यात मेंदूच्या पार्श्वखंडाचा महत्त्वाचा वाटा असतो. काही बाबतींत मेंदू हा आराखडा फार लवकर बदलू शकतो. इ.स. १९९८ मध्ये मॅथ्यू बॉट्विनिक व जोनाथन कोहेन यांनी वर्णन केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तीचा हात पडद्याआड ठेवून तिच्यासमोर रबरी हात ठेवण्यात आला व दोन्ही हातांवर एकाच वेळी कुंचला फिरवण्यात आला. थोड्याच वेळात रबरी हात आपलाच असल्याचा भास होऊ लागला. यावरून तात्कालिक जाणीव लवचीक असल्याचे दिसते. परंतु आपण कसे आहोत याची स्मृतीत साठलेली प्रतिमा त्या मानाने चिवट असते. इटालियन मानसशास्त्रज्ञ ज्युझेप्पे रिव्हा यांनी अशी उपपत्ती मांडली आहे की, काही व्यक्तींमध्ये ही साठलेली, जणू बाहेरून पाहिलेली प्रतिमा ‘कुलूपबंद’ होते आणि प्रत्यक्ष संवेदनांकडून येणारी नवी माहिती तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ही उपपत्ती अद्याप अभ्यासाधीन आहे.

स्थूलतेचा काळ व वय. ज्यांचे वजन बालपणापासून अधिक होते, त्यांच्या स्मृतीत सडपातळ देहाची नोंदच नसते. प्रौढपणी काही वर्षांपुरते वजन वाढलेल्या व्यक्तीस जुन्या रूपाकडे ‘परतता’ येते. बालपणापासून स्थूल असलेल्या व्यक्तीस मात्र अनोळखी देहाची नव्याने ओळख करून घ्यावी लागते.

हेटाळणीचे संस्कार. शाळेतील टोपणनावे, खेळात वगळले जाणे, कपड्यांवरून होणारी थट्टा, लग्न ठरवताना झालेले नकार यांसारख्या अनुभवांतून व्यक्ती इतरांची नजर आत्मसात करते. पुढे हेटाळणी थांबली, तरी ती आत्मसात केलेली नजर आपले काम करीत राहते. लहानपणी झालेली चिडवाचिडव आणि प्रौढपणीचे देहाविषयीचे असमाधान यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे.

सैल त्वचा. वजन फार उतरल्यास ताणलेली त्वचा पूर्ववत आकुंचन पावत नाही, कारण तिच्यातील कोलाजेन व इलॅस्टिन या तंतूंची लवचिकता कमी झालेली असते. पोट, दंड, मांड्या व छाती येथे घड्या लोंबतात. त्यांत घाम साचून पुरळ येते व चालताना त्वचा घासली जाते. या घड्या स्पर्शाला मऊ व जड लागतात, त्यामुळे चरबी अद्याप तशीच आहे ही समजूत दृढ होते. येथे व्यक्तीचे असमाधान निराधार नसते. तिला जे जाणवते ते खरे असते, केवळ त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो.

बदलाचा वेग. बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत मूळ वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश किंवा त्याहून अधिक वजन उतरू शकते. सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटल्याचे इ.स. २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दशकानुदशके घडलेली देहप्रतिमा इतक्या थोड्या अवधीत बदलणे अनेकांना जड जाते.

अवाजवी अपेक्षा. वजन उतरले की आत्मविश्वास, नातेसंबंध, नोकरी इत्यादी सर्वच बाबी सुधारतील अशी अपेक्षा असते. तसे न घडल्यास अपयशाचे कारण पुन्हा शरीरातच शोधले जाते व ‘अजून पुरेसे उतरले नाही’ असा निष्कर्ष काढला जातो.

मापन

देहप्रतिमेचे मापन करण्यासाठी निरनिराळ्या पद्धती वापरल्या जातात. इ.स. १९६४ मध्ये ट्रॉब व ऑर्बाख यांनी वक्रता बदलता येईल असा पूर्णाकृती आरसा तयार केला. त्यात आपले प्रतिबिंब खरे वाटेपर्यंत व्यक्तीने ते जुळवायचे असे. इ.स. १९७३ मध्ये स्लेड व रसेल यांनी ॲनोरेक्सियाच्या रुग्णांना सरकत्या दिव्यांमधील अंतराने आपल्या शरीराची रुंदी दाखवण्यास सांगितले. इ.स. १९८३ मध्ये स्टंकर्ड व सहकाऱ्यांनी प्रसृत केलेल्या श्रेणीत अतिशय कृश ते अतिशय स्थूल अशा नऊ आकृत्या असतात. व्यक्तीने आपण आहोत अशी वाटणारी व आपण असावे अशी वाटणारी आकृती निवडायची असते. इ.स. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बॉडी शेप क्वेश्चनेअर’ या प्रश्नावलीत ३४ प्रश्न आहेत. अलीकडे संगणकनिर्मित त्रिमितीय आकृत्या व आभासी वास्तव यांचाही उपयोग केला जातो.

न बोलता, केवळ हालचालींवरूनही हा विपर्यास मोजता येतो. नेदरलँड्समध्ये करण्यात आलेल्या व इ.स. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ॲनोरेक्सियाच्या रुग्णांना व निरोगी स्त्रियांना कमी-अधिक रुंदीच्या दारांतून चालण्यास सांगण्यात आले. निरोगी स्त्रिया दार खांद्यांपेक्षा सुमारे २५ टक्के रुंद असेपर्यंत खांदे न वळवता जात होत्या. रुग्ण मात्र दार सुमारे ४० टक्के रुंद असतानाच खांदे वळवू लागत. आपण रुंद आहोत ही समजूत केवळ विचारांत नसून चालण्यातही उतरलेली असते, हे यातून स्पष्ट झाले. हा प्रयोग ॲनोरेक्सियापुरता असला तरी वजन घटलेल्या इतर व्यक्ती सांगतात त्या अनुभवाशी तो मिळताजुळता आहे.

निदान व तत्सम विकार

अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या ‘डीएसएम-५’ या इ.स. २०१३ च्या वर्गीकरणात वजन घटल्यानंतरच्या विपर्यासास स्वतंत्र निदान म्हणून स्थान नाही. मात्र पुढील विकारांपासून तो वेगळा ओळखणे आवश्यक असते.

* बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर: इतरांना न दिसणाऱ्या किंवा नगण्य वाटणाऱ्या शारीरिक व्यंगाचा सतत ध्यास लागणे. इटालियन वैद्य एन्रिको मॉर्सेली यांनी इ.स. १८९१ मध्ये याचे प्रथम वर्णन केले. चिंता केवळ वजन व चरबीपुरती असून खाण्याच्या विकाराचे निकष पूर्ण होत असतील, तर हे निदान केले जात नाही.
* ॲनोरेक्सिया नर्व्होसा: खाणे अत्यंत मर्यादित करणे, वजन धोकादायक पातळीपर्यंत खाली जाणे, वजनवाढीची तीव्र भीती व देहप्रतिमेचा बिघाड.
* अनियमित ॲनोरेक्सिया: या प्रकारात ॲनोरेक्सियाची अन्य सर्व लक्षणे असतात व वजन लक्षणीय घटलेले असते, परंतु मूळ वजन जास्त असल्यामुळे व्यक्ती अद्याप सामान्य किंवा अधिक वजनाच्या श्रेणीतच असते. नाडी मंदावणे, रक्तदाब उतरणे, मासिक पाळी बंद होणे अशा गुंतागुंती या रुग्णांतही होऊ शकतात.
* बुलिमिया नर्व्होसा व अतिभक्षण विकार: थोड्या वेळात अमर्याद खाणे हे दोहोंतील समान लक्षण होय. बुलिमियात त्यापाठोपाठ मुद्दाम उलटी करणे, रेचक घेणे, अतिव्यायाम किंवा उपास असे भरपाईचे वर्तन आढळते. अतिभक्षण विकारात ते नसते.

यांपैकी अनियमित ॲनोरेक्सिया सहजी नजरेतून सुटतो. पूर्वी स्थूल असलेली व्यक्ती उपाशी राहून वेगाने वजन उतरवत असता तिचे आप्त, सहकारी व कधीकधी वैद्यही तिचे कौतुक करतात. त्यामुळे विकार उशिरा लक्षात येतो. वजन किती आहे याबरोबरच ते किती काळात व कशा रीतीने उतरले हे विचारणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. प्रयत्न न करता वजन घटत असल्यास त्यामागे क्षयरोग, मधुमेह, थायरॉईडचे विकार, कर्करोग यांसारखी कारणे असू शकतात व त्यासाठी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

परिणाम

बहुतेक व्यक्तींत वजन उतरल्यानंतर देहप्रतिमा सुधारते. बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतरही पहिल्या एक-दोन वर्षांत समाधान वाढल्याचे सामान्यतः आढळते. तथापि ते कधीच स्थूल नसलेल्या व्यक्तींच्या पातळीस पोहोचतेच असे नाही. ज्यांच्यात विपर्यास टिकून राहतो, त्यांच्यापुढे दोन परस्परविरुद्ध धोके असतात. पहिला, योग्य वजन गाठूनही उपास व अतिव्यायाम चालू ठेवण्याचा. दुसरा, ‘इतके करूनही मी तसाच आहे’ या निराशेतून सर्व प्रयत्न सोडून देण्याचा. दोहोंच्या मुळाशी एकच गृहीतक असते: मनातील चित्र बदलण्याचा उपाय वजन आणखी कमी करणे हा आहे. प्रत्यक्षात देहप्रतिमा आणि वजन यांचे नाते इतके सरळ नाही. ज्या चित्राने वीस किलो उतरल्याची दखल घेतली नाही, ते आणखी पाच किलोंचीही दखल घेईलच असे नसते.

याशिवाय पोहणे, नृत्य, वैवाहिक जवळीक, वैद्यकीय तपासणी यांसारख्या शरीर उघडे करण्याच्या प्रसंगांची टाळाटाळ, नैराश्य व चिंता हेही परिणाम आढळतात. वजन घटवण्याच्या उपचारानंतर मानसिक आरोग्याकडे लक्ष पुरवण्याची गरज अन्य अभ्यासांतूनही पुढे आली आहे. कॅनडातील ऑंटॅरिओ प्रांतात बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या इ.स. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेपूर्वीच्या तुलनेत नंतरच्या काळात स्वतःस इजा करून घेतल्याच्या तातडीच्या घटना सुमारे दीडपट असल्याचे दिसले. याची कारणे अनेक असू शकतात व ती केवळ देहप्रतिमेशी जोडता येत नाहीत. मात्र वजन उतरले म्हणजे मन आपोआप सावरते, हा समज त्यामुळे तपासून पाहावा लागतो.

उपचार व मदत

सौम्य स्वरूपात वेळ जाऊ देणे आणि नव्या देहाशी जाणीवपूर्वक परिचय करून घेणे पुरेसे ठरते. त्रास अधिक असल्यास मानसोपचार उपयुक्त असतात.

बोधात्मक वर्तनोपचार. यात ‘मला जाड वाटते’ ही भावना आणि ‘मी जाड आहे’ हे विधान यांतील फरक ओळखण्यास शिकवले जाते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांच्या मांडणीनुसार जाड वाटण्याची भावना दिवसभरात कमी-जास्त होते, वजन मात्र तितके बदलत नाही. ती भावना पुष्कळदा थकवा, कंटाळा, अपमान, घट्ट कपडे किंवा पोट भरलेले असणे यांच्याशी निगडित असते. त्यामुळे ती उद्भवली त्या क्षणी काय घडले होते याची नोंद ठेवण्यास सांगतात. चिमटीत त्वचा धरून पाहणे, सतत मापे घेणे यांसारखे वर्तन क्रमाक्रमाने कमी केले जाते व वजन आठवड्यातून एकदाच पाहण्याचे ठरवले जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी इ.स. १९५५ च्या सुमारास विकसित केलेली पद्धतीही अशा विचारांची तर्काच्या कसोटीवर तपासणी करते. ही पद्धती महाराष्ट्रात विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने ओळखली जाते. तिच्या प्रसारात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे.

आरशासमोरील सराव. प्रशिक्षित उपचारकाच्या मार्गदर्शनाखाली व्यक्ती पूर्णाकृती आरशासमोर उभी राहून डोक्यापासून पायापर्यंत आपल्या शरीराचे निव्वळ वर्णन करते. ‘पोट घाणेरडे आहे’ असे न म्हणता ‘नाभीखाली सैल त्वचेची एक घडी आहे’ असे म्हणायचे असते. नावडत्या अवयवावरच नजर खिळू न देता संपूर्ण शरीर पाहणे हा या सरावाचा हेतू असतो.

मापाचे सराव. आपल्या कमरेचा घेर किती असेल याचा अंदाज करून दोरीचे कडे जमिनीवर मांडणे व नंतर तीच दोरी कमरेभोवती गुंडाळून पाहणे, हा एक साधा सराव आहे. अंदाज व वास्तव यांतील फरक हातात धरता येण्याजोगा होतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय. तारीखवार छायाचित्रे शेजारी ठेवून पाहणे, अंगाला बसणारे कपडे घालणे व जुने मोठे कपडे देऊन टाकणे यांचाही उपयोग होतो.

शारीरिक हालचाल. योगासने, नृत्य, पोहणे यांसारख्या प्रकारांत लक्ष दिसण्यावरून शरीर काय करू शकते याकडे वळते. मात्र व्यायामाचा हेतू उष्मांक जाळणे हाच राहिल्यास हा लाभ मिळत नाही.

शस्त्रक्रिया. सैल त्वचा काढून टाकण्याची शस्त्रक्रिया वजन काही महिने स्थिर राहिल्यानंतर केली जाते. बॅरिएट्रिक रुग्णांत हा काळ बहुधा मूळ शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिन्यांचा असतो. तिने पुरळ व हालचालीतील अडचण कमी होते आणि अनेकांचे समाधानही वाढते. तिचे व्रण मात्र कायमचे राहतात. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर असलेल्या रुग्णांना अशा शस्त्रक्रियेने सहसा समाधान लाभत नाही, त्यामुळे पूर्वतपासणी महत्त्वाची असते.

औषधे. या विपर्यासावर स्वतंत्र औषध नाही. सोबत नैराश्य, चिंता किंवा बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर असल्यास मनोविकारतज्ज्ञ त्यावरील औषधे देतात.

भारतातील व महाराष्ट्रातील संदर्भ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात १५ ते ४९ वयोगटातील अधिक वजनाच्या किंवा स्थूल स्त्रियांचे प्रमाण इ.स. २०१५-१६ मधील २०.६ टक्क्यांवरून इ.स. २०१९-२१ मध्ये २४ टक्क्यांवर गेले. त्या वर्षी पुरुषांतील प्रमाण २२.९ टक्के होते. या सर्वेक्षणात २५ किंवा त्याहून अधिक बॉडी मास इंडेक्स हा निकष आहे. भारतीयांत तुलनेने कमी वजनातही चरबीचे प्रमाण अधिक असते, म्हणून भारतीय तज्ज्ञांनी इ.स. २००९ मध्ये २३ पासून अधिक वजन व २५ पासून स्थूलता असे निकष सुचवले. पुण्यातील संशोधक चित्तरंजन याज्ञिक यांनी दिसायला कृश पण चरबीचे प्रमाण अधिक असलेल्या भारतीय देहयष्टीचे वर्णन केले आहे. ही शारीरिक बाब असून वजन उतरूनही मनाने स्थूल राहण्याविषयीच्या हिल्डे ब्रूख यांच्या निरीक्षणाशी तिची गल्लत करू नये. इ.स. २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड व वजन घटवण्यासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने भारतात उपलब्ध झाली. त्यामुळे थोड्या काळात बरेच वजन घटणाऱ्या व्यक्तींची संख्या वाढण्याची शक्यता आहे.

वजनाविषयी मराठी समाजातील बोलण्याची रीतही या अनुभवावर परिणाम करते. मराठीत ‘तब्येत सुधारली’ याचा एक अर्थ वजन वाढले असा होतो. ‘खात्यापित्या घरचा’, ‘बाळसेदार’, ‘अंगाने भरलेली’ हे शब्दप्रयोग कौतुकाचे आहेत. याउलट वजन उतरलेल्या व्यक्तीस ‘किती वाळलीस’, ‘आजारी होतास का’, ‘चेहरा उतरला’ असे ऐकावे लागते. त्याच व्यक्तीस काही काळापूर्वी ‘जरा वजन कमी कर’ असा सल्ला त्याच मंडळींकडून मिळालेला असतो. समारंभात भेटणाऱ्या नातलगांनी प्रथम देहाविषयी बोलणे हा आपुलकीचा भाग समजला जातो. परंतु परस्परविरोधी शेऱ्यांमुळे आपण नेमके कसे दिसतो याविषयीचा संभ्रम वाढतो. शिंपी कपड्याच्या शिवणीत जादा कापड ठेवतात, त्यास ‘माया’ म्हणतात. वजन उतरलेल्या स्त्रियांनी ब्लाउज आटवून घेताना आतली माया कापू नये असा आग्रह धरणे, हे जुना देह परत येईल या अपेक्षेचे घरगुती उदाहरण म्हणता येईल.

आप्तांनी वजनाविषयी, चांगले वा वाईट, कोणतेच शेरे न मारता व्यक्तीच्या प्रकृतीची, झोपेची व जेवणाची चौकशी करणे अधिक साहाय्यकारी ठरते. ‘तुला उगाच वाटते’ असे म्हणून अनुभव नाकारल्यास व्यक्ती बोलणे थांबवते. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या इ.स. २०२२ मध्ये सुरू झालेल्या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी दूरध्वनीवरून विनामूल्य समुपदेशन मिळते. ही सेवा मराठीतही उपलब्ध आहे.

हे सुद्धा पहा

* देहप्रतिमा
* स्थूलता
* बॉडी मास इंडेक्स
* बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया
* ॲनोरेक्सिया नर्व्होसा
* बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर
* फँटम लिंब
* विवेकनिष्ठ मानसोपचार